लांब शब्दांचे सांधे

बीदर जिल्ह्याच्या औराद-कमलनगर भागात ठाणाकुशनूर नावाचे गाव आहे. हे नाव ज्यांनी पूर्वी कधी ऐकलेले नाही, अशा तीन साक्षर माणसांपुढे ते लिहून ठेवावे आणि प्रत्येकास ते मोठ्याने वाचावयास सांगावे. पहिला 'ठाणा' म्हणून क्षणभर थांबेल आणि मग 'कुशनूर' म्हणेल. दुसरा 'ठाणाकु' इथपर्यंत धावत जाऊन अडखळेल आणि 'शनूर' असा उरलेला तुकडा कसाबसा उच्चारील. तिसरा, ज्याचे शालेय शिक्षण कानडीत झाले आहे, तो 'कु-श-नू-र' असे एकेक अक्षर सुटे व स्वच्छ वाचील. अक्षरे तिघांपुढे तीच होती. तरी तिघांच्या तोंडून तीन निरनिराळी नावे बाहेर पडली. असे का व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

लांब शब्द वाचताना आपण नकळत दोन कामे एकदम करीत असतो. एक काम जिभेचे. ती शब्दाचे लहान लहान तुकडे पाडते आणि एकेका झटक्यात एकेक तुकडा उच्चारते. अशा तुकड्यास आपण सोयीसाठी 'उच्चारखंड' म्हणू. प्रत्येक उच्चारखंडात स्वर एकच असतो. दुसरे काम बुद्धीचे. हा शब्द कोणकोणत्या शब्दांचा मिळून झाला आहे आणि त्यांचा सांधा कोठे आहे, हे ती शोधते. जिभेने पाडलेले तुकडे आणि बुद्धीने शोधलेले सांधे नेहमी एकाच जागी येतात असे मात्र नाही. कुशनूर याच नावात पाहा. जीभ 'कुश्-नूर' असे दोन तुकडे करते. परंतु कानडी प्रदेशातील असंख्य गावनावांच्या शेवटी जो 'ऊर' दिसतो, तो 'गाव' या अर्थाच्या 'ऊरु' या शब्दाचा अंश आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याची बुद्धी 'न' आणि 'ऊ' यांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवील. जीभ 'नू' एकसंध ठेवते. बुद्धी त्याच 'नू'च्या पोटात सांधा पाहते.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. सतराव्या शतकात ज्यांची वखार वेंगुर्ल्यास होती, त्या डच लोकांची भाषा याबाबतीत मोठी उद्बोधक आहे. इंग्रज लोक जे शब्द बहुधा सुटे सुटे लिहितात, ते डच लोक संस्कृताप्रमाणे आणि मराठीप्रमाणे एकत्र जोडून लिहितात. कामास असमर्थ झालेल्या माणसाच्या विम्यास त्यांच्या भाषेत जो एकच शब्द आहे, त्यात तेहतीस रोमन अक्षरे व दहा उच्चारखंड आहेत. डच मनुष्य तो न अडखळता वाचतो. कारण त्यात 'काम', 'असमर्थता' आणि 'विमा' असे तीन ठळक भाग आहेत आणि दोन्ही सांध्यांवर एकेक 'स' हा वर्ण चिमट्यासारखा बसविलेला आहे. तो दिसला की येथे एक शब्द संपला, हे वाचणारास कळते.

परंतु जेथे हा चिमटा फसवतो, तेथे डच मनुष्यही घोटाळतो. त्यांच्याकडे 'क्वार्टस्लाखन' असा एक शब्द आहे. त्याचा सांधा 'क्वार्ट' या शब्दानंतर मानला, तर अर्थ होतो 'पाव वळसे'. तो 'क्वार्टस्' नंतर मानला, तर अर्थ होतो 'गारेच्या दगडाचे थर'. लेखन एकच; सांधा एका अक्षराने सरकला की वळशांचे दगड होतात. दुसऱ्या एका शब्दाची गंमत याहून अधिक आहे. तो एका तऱ्हेने तोडला तर 'सामुदायिक प्रार्थना' होते आणि दुसऱ्या तऱ्हेने तोडला तर 'अंग रगडून घेण्याचा बिछाना' होतो; आणि सांध्याबरोबर मधल्या एका अक्षराचा उच्चारही पार बदलतो. म्हणून ओळीच्या शेवटी शब्द तोडावयाचा झाला, तर सामासिक शब्द प्रथम सांध्यावर तोडावा, असा डच लेखनाचा दंडक आहे. दोन पदांचे स्वर एकमेकांवर आदळून घोटाळा होत असेल, तर त्यांच्यामध्ये आडवी लहान रेघ देण्याचाही त्यांचा नियम आहे.

डच भाषेत आघातालाही असेच महत्त्व आहे. जोडशब्दातील मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो आणि दुसरे पद त्यामानाने सौम्यपणे उच्चारले जाते. 'फोरकोमन' या क्रियापदाचा पहिला भाग जोराने उच्चारला, तर 'घडणे, आढळणे' असा अर्थ होतो. तोच जोर मधल्या 'को'वर दिला, तर 'घडू न देणे, टाळणे' असा जवळजवळ उलटा अर्थ होतो.

आघाताने समासाचा अर्थ उलटतो, ही गोष्ट आपल्या परंपरेलाही फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. त्वष्ट्याने इंद्राचा नाश करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला आणि आहुती देताना 'इंद्रशत्रु' या शब्दाचा उच्चार केला. या समासाचा उदात्त स्वर शेवटी असता, तर तो तत्पुरुष समास होऊन 'इंद्राला मारणारा' असा अर्थ झाला असता. परंतु स्वर पहिल्या पदावर पडला. त्यामुळे समास बहुव्रीही झाला आणि 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो' असा अर्थ निघाला. वृत्र जन्मास आला खरा, पण इंद्राच्या हातून मरावयासाठीच. पतंजलीने व्याकरणाच्या अभ्यासाचे प्रयोजन सांगताना महाभाष्यात या कथेचा दाखला दिला आहे. शब्दाचा सांधा आणि आघात यांचे ज्ञान ही पंडितांची चैन नसून व्यवहाराची गरज आहे, हे सांगण्यास याहून जुना दाखला शोधण्याचे कारण नाही.

आता मराठीकडे वळू. वैदिक स्वर आज आपल्या बोलण्यात उरलेले नाहीत आणि डच भाषेतला ठणठणीत आघातही मराठीत नाही. मराठीचा आघात सौम्य आहे. केवळ त्याच्या जागेवरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. मग आपल्या लांब शब्दांतील सांधा कानाला कळतो तरी कशाने? उत्तर काहीसे चमत्कारिक आहे. तो कळतो न उच्चारलेल्या 'अ'मुळे.

आपण 'घर' असे लिहितो, पण 'घर्' असे बोलतो. शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठी माणूस गिळतो आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर किंचित जोर देतो. जोडाक्षरानंतरचा 'अ' मात्र टिकतो. म्हणून 'राष्ट्र', 'मित्र' या शब्दांचा शेवट आपल्याला स्वच्छ ऐकू येतो. शब्दाच्या मध्येही असे पुष्कळदा घडते. 'मातबर' हा शब्द आपण 'मात्-बर्' असा दोन झटक्यांत उच्चारतो. मधल्या 'त'चा 'अ' नाहीसा होतो. आता त्याच घाटाचा 'महानगर' हा शब्द घ्या. 'मातबर'चा कित्ता गिरवावयाचा, तर त्याचा उच्चार 'म-हान्-गर्' व्हावयास पाहिजे होता. परंतु कोणीही जाणता मराठी माणूस तसे म्हणत नाही. तो 'म-हा-न-गर्' असेच म्हणतो. 'न'चा 'अ' येथे जिवंत राहतो. कारण तो 'नगर' या पदाच्या आरंभीचा आहे आणि त्याच्या अलीकडे सांधा आहे. सांधा लक्षात न घेणारा मनुष्य 'महानगरपालिका' हा शब्द 'महान-गरपालिका' असा वाचतो आणि नगराचा पत्ताच नाहीसा करतो.

'रामनगर' हा शब्द असाच. येथे 'म'चा 'अ' गिळला जातो आणि 'न'चा राहतो. म्हणून उच्चार 'राम्-न-गर्' होतो. 'रा-मन्-गर्' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा क्षणभर बुचकळ्यात पडेल. याचा अर्थ असा की जोडशब्दातील प्रत्येक पद आपली जुनी राहणी सोडत नाही. एकटे असताना जेथे ते 'अ' गिळते, तेथेच ते समासातही गिळते. आणि एकटे असताना जेथे त्याचा आघात पडतो, तेथेच तो समासातही थोडासा पडतो. डच भाषा सांध्यावर एक वर्ण बसविते, संस्कृत भाषा 'अभय' आणि 'अरण्य' यांचे 'अभयारण्य' करून सांधा वितळवून टाकते, आणि मराठी भाषा सांध्यावर एक स्वर गाळून तेथे सूक्ष्मसा विराम ठेवते.

आघात आणि लेखन यांचाही असाच आतून संबंध आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. हे नियम अनेकांस केवळ पाठ करण्याचे ओझे वाटतात. पण कान देऊन पाहिले, तर त्यांतील काहींच्या मुळाशी उच्चारच आहे. 'दूध', 'मूल', 'सोलापूर' यांतील ऊकार दीर्घ लिहावयाचा. कारण शेवटचा 'अ' गिळल्यामुळे सारा जोर त्या ऊकारावर येतो. प्रत्यय लागून तो जोर पुढे सरकला की ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून 'दुधात', 'मुलास', 'सोलापुरात'. त्याच न्यायाने गाव 'कुशनूर', पण मुक्काम 'कुशनुरात'.

दुसरा एक नियम तर सरळ सांधाच दाखवितो. 'कवी', 'गुरू' हे शब्द स्वतंत्र असताना दीर्घान्त लिहावयाचे. पण असे संस्कृतातील मूळचे ऱ्हस्वान्त शब्द समासाच्या पहिल्या पदी आले की ते ऱ्हस्वच ठेवावयाचे. म्हणून 'कविमंडळ', 'गुरुदक्षिणा', 'लघुकथा'. 'वि'वरील ही ऱ्हस्व वेलांटी वाचणारास सांगत असते, 'येथे थांबू नका. शब्द पुढे चालू आहे.' उलट 'नदीकाठ' यातील 'नदी' मुळातच दीर्घ असल्यामुळे दीर्घ राहते.

श्रोतेहो, आता हे सारे बीदरच्या मातीत आणून पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या काळातील जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. सीमेची रेघ नकाशावर पडली. बोलीच्या मधून ती पडू शकली नाही. या भागात घरी मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी अशी तीन भाषांची ये-जा एकाच दिवसात एकाच माणसाच्या जिभेवर होते. आणि प्रत्येक भाषेच्या लिपीचा 'अ'शी असलेला व्यवहार निराळा आहे.

कानडीच्या पुस्तकी वाचनात जो 'अ' लिहिला तो उच्चारावयाचा. मराठीत 'अ' सर्वत्र लिहिलेला मानावयाचा, परंतु उच्चारावयाचा काही ठिकाणीच. निजामाच्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती आणि तिच्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. ते वाचणाराने आपल्या ज्ञानाने भरावयाचे. पहिल्या लिपीत वाचणारास विचार करावा लागत नाही. दुसरीत थोडा करावा लागतो. तिसरीत पुष्कळ करावा लागतो. आपल्या जुन्या मोडी दप्तरांतही हेच आढळते. आधी ओळीची रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली शब्दांत अंतर न ठेवता अक्षरे लिहीत जावयाची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. मोडी वाचणारा कारकून सांधे शोधण्यातच तरबेज झालेला असे.

विकाराबाद ते लातूर रोड या लोहमार्गावर कमलनगर हे स्थानक आहे. हे नाव कानडी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहून पाहावे. अक्षरास अक्षर जुळते. दोन्हीकडे सहा अक्षरे आणि एकही मात्रा-वेलांटी नाही. पण कानडी वाचक ते 'क-म-ल-न-ग-र' असे सहा खंडांत वाचतो आणि मराठी वाचक 'क-मल्-न-गर्' असे चार खंडांत. बसवकल्याण या नावाचेही तसेच. कानडीत सहा खंड, मराठीत 'ब-सव्-कल्-याण्' असे चार. गुलबर्गा हे नाव २०१४ साली अधिकृतपणे 'कलबुरगि' झाले. कानडीत त्याचे पाच खंड होतात. मराठी माणूस ते 'कल्-बुर्-गी' असे तीन खंडांत आटोपतो. यांत कोणाचेही चुकलेले नाही. एकाच नावाला प्रत्येक भाषेने आपल्या नियमाप्रमाणे जागा दिली आहे, इतकेच.

परंतु ही गोष्ट ज्याला कोणी सांगितलेली नाही, त्या लहान विद्यार्थ्याचे मात्र यात नुकसान होते. कानडी वाचनाची सवय लागलेला मुलगा मराठीच्या तासाला 'घ-र-का-म' असे सगळे 'अ' उच्चारून वाचतो आणि वर्ग हसतो. तोच मराठी घरातला असला, तर कानडीच्या तासाला स्वर गिळतो आणि तेथेही हशा होतो. दोन्हीकडे त्याला मंद ठरविले जाते. वास्तविक तो मंद नाही. एका भाषेचा नियम तो दुसरीत प्रामाणिकपणे पाळीत आहे. त्याला 'नीट वाच' असे दहा वेळा दटावण्यापेक्षा, 'मराठीत पदाच्या शेवटचा अ गिळावयाचा, कानडीत तो राखावयाचा,' हे एक वाक्य एकदा समजावून सांगितले, तर त्याची जीभ आपोआप वळू लागेल. आणि लांब शब्द आला की आधी त्याचे सांधे पाटीवर उभ्या रेघांनी दाखवावे. 'बालकलाकार' हा शब्द 'बालक-लाकार' असा फुटणार नाही. 'बाल' आणि 'कलाकार' हे दोन्ही ओळखीचे मित्र त्याला त्यात सापडतील.

मोठ्या माणसांचा प्रश्न याहून निराळा नाही. गावच्या चावडीवर एखादी सूचना वाचली जाते आणि तीत 'पीकविमानोंदणी' असा शब्द असतो. डोळा प्रथम 'विमान' उचलतो; पुढे 'ओंदणी' असे काहीतरी उरते आणि वाचणारा गडबडतो. ऐकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पीक पोचते, विमा पोचत नाही; आणि मुदत तर त्याच सूचनेच्या पुढच्या वाक्यात असते. येथे दोष वाचणाराचा थोडा आणि लिहिणाराचा अधिक. 'पीकविमा-नोंदणी' अशी एक आडवी रेघ दिली असती, तर काम झाले असते. समास जोडून लिहावा हे खरे; परंतु जेथे सांधा फसवा आहे, तेथे संयोगचिन्ह देण्यात कमीपणा नाही.

'ग्रामपंचायत', 'लोकसभा', 'जिल्हाधिकारी' हे शब्द आज कोणालाही लांब वाटत नाहीत. त्यांतील शेवटच्या शब्दात तर अरबी मुळाचा 'जिल्हा' आणि संस्कृत 'अधिकारी' यांचा चक्क संधी झालेला आहे. पण वापराने तो इतका गुळगुळीत झाला आहे, की सांधा हाताला लागत नाही. नवे शब्द मात्र रोज तयार होत असतात आणि ते पहिल्यांदा कोणातरी सामान्य माणसाच्या पुढ्यात येतात. ते वाचावयाची रीत साधी आहे. शब्द पुढून धावत वाचू नये. आधी नजर शेवटापर्यंत न्यावी. मराठी समासात बहुधा शेवटचे पद मुख्य असते आणि आधीची पदे त्याचे विशेषण होऊन येतात. म्हणून शेवटचे पद प्रथम ओळखावे. नंतर मागे येत एकेक ओळखीचे पद वेगळे काढावे. प्रत्येक पद ते एकटे असताना जसे उच्चारतो तसेच उच्चारावे, आणि सांध्यावर श्वास न तोडता जीभ किंचित टेकवावी. इतके केले की आघात कोठे द्यावा, याची निराळी चिंता करावी लागत नाही. तो आपल्या जागी येऊन बसतो.

गावाच्या नावाबाबत आणखी एक गोष्ट करता येते, आणि ती सर्वांत सोपी आहे. ते नाव त्या गावच्या माणसाला विचारावे. ठाणाकुशनूरचा मनुष्य आपल्या गावाचे नाव उच्चारताना 'ठाणा' आणि 'कुशनूर' यांचे नाते कधीही बिघडवीत नाही. 'ठाणा' या शब्दाच्या मुळाशी 'स्थान' आहे, 'ऊर'मध्ये कानडी गाव आहे. आणि दोन भाषांचा हा सांधा त्याच्या तोंडी इतका पक्का बसला आहे, की तो सांधा आहे हे त्याला कधी जाणवतही नाही.